भोक कुठं पाडायचं ते चिठ्ठीला ठरवू द्या

प्रति,
महाराष्ट्रातल्या रस्तेकामांचं गुणनियंत्रण पाहणारे कार्यकारी अभियंते, उपअभियंते, सल्लागारांचे मटेरियल इंजिनिअर आणि साईट लॅबमधले सगळे सहकारी

सप्रेम नमस्कार.

भरावाचा थर रोलरखालून नुकताच निघालेला असतो. लॅबचा मुलगा एका हातात वाळू ओतायचं पोअरिंग सिलिंडर, दुसऱ्या हातात ट्रे घेऊन वर चढतो आणि थर किती घट्ट बसलाय ते मोजायच्या भोकाबद्दल विचारतो, ‘साहेब, कुठं पाडू?’ साहेब चार पावलं चालतात, बुटाची टाच आपटून बघतात आणि ड्रमच्या दाबानं मुरूम जिथं चकाकतोय तिथं बोट दाखवतात. ‘इथं घे.’ माझ्या लेखी चाचणी तिथंच संपते. पुढची छिन्नी, वाळू आणि वजनकाटा हे सगळं आधीच ठरलेला आकडा कागदावर उतरवण्यासाठी चालतं.

हे ऐकीव नाही. मातीच्या लॅबमध्ये माझी ३१ वर्षं गेली आणि त्यातली पहिली काही वर्षं बोट दाखवणारा तो साहेब मीच होतो. मला तसंच शिकवलं होतं. ज्यांनी शिकवलं ती माणसं वाईट नव्हती, कामात चोख होती. म्हणून हे पत्र कुणाच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवण्यासाठी लिहीत नाही. आपल्या सगळ्यांच्या कपाटात असलेलं एक पान पुन्हा उघडून वाचा, एवढं सांगायला लिहितोय.

ते पान म्हणजे रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाच्या तपशील-पुस्तकातलं, साईटवरच्या भाषेत ‘मॉर्थ’मधलं, कलम ९०३. आपल्या निविदा याच पुस्तकाचा हवाला देतात. त्यातलं ‘दर १००० चौरस मीटरला एक घनता चाचणी, सबग्रेडला (भरावाचा सगळ्यात वरचा, रस्त्याच्या थरांखालचा थर) आणि मातीच्या साइडपट्टीला दर ५०० चौरस मीटरला एक’ हे वाक्य सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्याच परिच्छेदात पुढं जे लिहिलंय ते मात्र फारसं कुणी वाचत नाही. चाचणीच्या जागा फक्त यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, निवडायच्या. एका चाचणीवरून निर्णय घ्यायचा नाही, संचाच्या सरासरीवरून घ्यायचा. एका संचात ६ चाचण्या, आकड्यांत फार फरक दिसला तर १०, आणि सबग्रेडला कमीत कमी १०. आणि ती सरासरी नुसती एमडीडीच्या, म्हणजे त्याच मातीला लॅबमध्ये मिळालेल्या सर्वांत जास्त कोरड्या घनतेच्या, ९५ किंवा ९७ टक्के असून चालत नाही. ठरलेल्या घनतेपेक्षा ती आकड्यांच्या प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) काही पट वर असावी लागते. ही पट म्हणजे १.६५ मधून, १.६५ भागिले चाचण्यांच्या संख्येचं वर्गमूळ, वजा करून येणारा आकडा. ६ चाचण्यांना तो ०.९८ येतो, १० चाचण्यांना १.१३.

म्हणजे संख्याशास्त्र नियमात कधीच आलेलं आहे. आलेलं नाही ते आपल्या रजिस्टरमध्ये. कितीतरी साईटवर मी रजिस्टरचे छापील नमुने पाहिले. चेनेज (रस्त्यावरचं अंतर), थर क्रमांक, ओली घनता, पाण्याचं प्रमाण, कोरडी घनता, टक्केवारी आणि शेवटी ‘पास/नापास’ एवढे रकाने असतात. सरासरीला रकाना नाही, प्रमाण विचलनाला तर नाहीच. जे छापलेलंच नाही ते रात्री दहा वाजता दिव्याखाली बसून कोण काढणार?

आता या भोकाचं मोजमाप बघा. सॅंड रिप्लेसमेंटच्या (भोकातली माती तोलायची आणि मोजून वाळू ओतून भोकाचं आकारमान काढायचं) छोट्या सिलिंडरला आपण १० सेंटिमीटर व्यासाचं भोक पाडतो. क्षेत्रफळ झालं साधारण ७८ चौरस सेंटिमीटर. १००० चौरस मीटर म्हणजे अशा सव्वा लाखाहून जास्त भोकांएवढं क्षेत्रफळ. त्यातलं एक आपण पाडतो आणि उरलेल्या सगळ्यांची ग्वाही त्या एकाकडून घेतो. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात शिजलेला असतो. भरावाच्या थराचं तसं नसतं. सकाळचे डंपर खाणीच्या एका टोकाकडून आलेले असतात, दुपारचे दुसऱ्या. टँकरचं पाणी मधोमध जास्त पडतं, कडेला कमी. रोलरवाला कडेला जायला कचरतो, आणि त्याचं कचरणं रास्त आहे, खाली दहा फुटांचा उतार असतो. हा फरक भरावात असणारच. किती आहे ते कळावं म्हणून तर भोकं पाडायची. आणि ते कळण्याची एकच अट आहे, भोकाची जागा आपल्या डोळ्यांनी निवडायची नाही.

मग आपण डोळ्यांनी का निवडतो? मी यावर पुष्कळ विचार केलाय. माझं मत असं झालंय की लबाडी हे याचं मूळ नाही, भीती आहे. आपण मनोमन असा नियम करून ठेवलाय की एकही आकडा ९५ च्या खाली येता कामा नये. आला की थर उखडा, पुन्हा रोलिंग करा, खुलासा द्या. आता गणित बघा. समजा एक थर नियमाला हवा तेवढा उत्तम झालाय, म्हणजे १०० पैकी ९५ भाग ठरलेल्या घनतेच्या वर आहेत. अशा थरावर चिठ्ठ्या टाकून ६ जागा निवडल्या, तर साधारण दर चार संचांत एकदा तरी एखादा आकडा खाली येणारच. १० जागा निवडल्या तर दहा संचांत चारदा. चांगलं काम करणाऱ्याला दर चौथ्या दिवशी खुलासा मागणारा नियम कोण पाळील? मग हळूच चकाकती जागा शोधली जाते, नाहीतर नापास भोकाशेजारी दुसरं भोक पाडून पहिलं बुजवलं जातं. पुस्तकानं ही चूक केलेलीच नव्हती. ‘एका चाचणीवरून निर्णय नको’ हे त्यात स्वच्छ लिहिलंय. ती अट आपण आपल्याच हातानं कडक केली आणि मग तिला चुकवायला शिकलो.

आकड्यांतच दाखवतो. दोन थर धरा, दोन्हीला ९५ टक्के हवेत. पहिल्यावर आले ९५.२, ९८.६, ९६.१, ९९.३, ९४.४ आणि ९८.४. दुसऱ्यावर ९५.१, १००.८, ९५.३, १००.६, ९५.२ आणि ९५.०. (एमडीडी तीच असेल तर घनतेऐवजी टक्क्यांत मांडलं तरी हिशेब तोच.) दोन्हींची सरासरी बरोबर ९७.०. आपल्या आजच्या पद्धतीनं पहिला थर नापास, कारण ९४.४ दिसलं. दुसरा पास, कारण सहाच्या सहा आकडे ९५ किंवा वर. आता पुस्तकाच्या पद्धतीनं करा. पहिल्याचं प्रमाण विचलन २.०३, त्याची ०.९८ पट म्हणजे जवळपास २. सरासरी हवी ९६.९८, आहे ९७.०. काठावर का होईना, पास. दुसऱ्याचं प्रमाण विचलन २.८७. सरासरी हवी ९७.८. नापास.

दुसरा थर नापास का, हे त्या आकड्यांकडे जरा थांबून बघितलं की दिसतं. दोन जागा १०० च्या वर, चार जागा ९५ ला टेकलेल्या. रोलरचा पट्टा दोन ठिकाणी एकावर एक चढलाय आणि बाकी ठिकाणी जेमतेम काम झालंय. चार भोकं काठाला लागलीत, तर न पाडलेल्या सव्वा लाखांत काठाच्या खाली किती असतील? सूत्र तोच प्रश्न विचारतं. आकडे सरासरीभोवती नेहमीसारखे घंटेच्या आकारात पसरले असतील, तर सरासरीपासून १.६५ प्रमाण विचलनं खाली गेलं की त्याहून खाली जेमतेम ५ टक्के भाग उरतो. १.६५ आला तो इथून. आणि त्यातून वर्गमूळवाला भाग वजा होतो ती काम करणाऱ्याला दिलेली सवलत आहे. थोड्या भोकांवरून काढलेली सरासरी थोडीफार चुकणार, तिचा फटका चांगल्या कामाला बसू नये म्हणून. भोकं कमी तेवढी सवलत मोठी. एकच भोक पाडलं तर सूत्र शून्यावर येतं आणि उरतं फक्त ‘ठरलेल्या घनतेपेक्षा कमी नको’. एकेका भोकावर पास-नापास लिहिणं इतकं का आवडतं, त्याचंही उत्तर यात आहे.

कंत्राटदारांनी हे वाचलं तर त्यांनाही एक सांगायचंय. हे सूत्र तुमच्या विरोधात नाही. प्रमाण विचलन ३ असेल तर ६ चाचण्यांच्या संचाला सरासरी जवळपास ९८ लागते. तेच दीडवर आणलं तर साडेशहाण्णववर भागतं. हा दीड टक्का रोलरच्या जास्तीच्या फेऱ्यांनी ओढून आणायचा तर डिझेल जळतं. पाणी सारखं मारलं, थराची जाडी सारखी ठेवली, रोलरचे पट्टे मोजून घेतले, तर तोच दीड टक्का जवळजवळ फुकट पदरात पडतो.

चिठ्ठ्या टाकून जागा निवडायच्या म्हटलं की काही जण हसतात. इंजिनिअरचा अनुभव काय कामाचा मग, असं विचारतात. त्यांना मी आपल्याच गावातलं उदाहरण देतो. पीक कापणी प्रयोग प्रत्येक तालुक्यात होतात. कुणाच्या शेतात करायचा हे तलाठी किंवा कृषी सहायक मर्जीनं ठरवत नाही, यादृच्छिक आकड्यांवरून ठरतं. शेत ठरल्यावरही जोमदार पीक बघून दोरी लावत नाहीत. नैऋत्य कोपऱ्यात उभं राहून, मिळालेल्या दोन आकड्यांएवढी पावलं एकदा लांबीकडे, एकदा रुंदीकडे चालायची आणि तिथं खुंटी ठोकायची. त्या जागी तण असो की कणसं, तेच कापायचं. ही शिस्त देशात रुजवणाऱ्यांत एक नाव आपल्या मातीतलं आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव, शिक्षण फर्ग्युसन कॉलेज आणि मग लंडन. पुढं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत ते संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. त्यांनी १९४६ साली दाखवून दिलं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, कारण काठावरची रोपं आत धरली जातात.

मला हे मोलाचं वाटतं, कारण आपल्या भोकालाही काठ आहे. दगडगोटे असलेल्या मुरुमात १० सेंटिमीटरचं भोक पाडताना काठावर अर्धा आत, अर्धा बाहेर असा दगड येतो. मुलगा तो उपटून काढतो आणि पिशवीत टाकतो, किंवा जागाच बदलतो. दोन्हींनी आकडा फिरतो. भारतीय मानक २७२०, भाग २८ मध्ये जाड दाण्याच्या मातीसाठी मोठं सिलिंडर सांगितलंय ते याचसाठी. कितीतरी साईट लॅबमध्ये ते मोठं सिलिंडर मी खोक्यातून बाहेर काढलेलंसुद्धा पाहिलं नाही. ज्वारी मोजताना जी शिस्त आपण पाळतो ती कोट्यवधींचा भराव मोजताना पाळायला कसली अडचण आहे?

आणि प्रत्यक्षात ते अगदी सोपं आहे. समजा चेनेज १२/२०० ते १२/३०० चा, म्हणजे १०० मीटर लांबीचा थर तयार आहे, रुंदी १० मीटर. मोबाईलवर शून्य ते एकमधले दोन यादृच्छिक आकडे काढा. ०.३७ आणि ०.८४ आले. सुरुवातीपासून ३७ मीटर चाला, डाव्या कडेपासून ८.४ मीटर आत जा, तिथं ट्रे ठेवा. एक मिनिटाचं काम. पण आकडे रोलिंग पूर्ण झाल्यावर काढायचे, आधी नाही, आणि ते खात्याच्या किंवा सल्लागाराच्या माणसानं काढायचे. आधी कळलं की त्या जागेवर रोलर चार वेळा जास्त फिरतो. मी पाहिलंय.

एक सावधगिरी मात्र हवी. पुलाच्या अ‍ॅबटमेंटमागचा (टोकाच्या आधारभिंतीमागचा) भराव, मोरीच्या पाइपाशेजारची जागा, काल आणि आज यांच्या कामाचा सांधा, या जागा कच्च्या असतात हे सगळ्यांना माहीत आहे, कारण मोठा रोलर तिथं पोचत नाही. त्या उरलेल्या थरात मिसळून चिठ्ठ्या टाकल्या तर बहुधा एकही भोक तिथं पडणार नाही. त्यांचा संच वेगळा करा, चिठ्ठ्या त्याच्या आत टाका.

सरासरी काढून जी चूक कधीच धुतली जात नाही तिच्याबद्दलही बोलायला हवं. विखुरलेले आकडे ही एक गोष्ट, सगळेच आकडे एका बाजूला सरकणं ही दुसरी. साईटवर पाण्याचं प्रमाण आपण बहुधा कॅल्शियम कार्बाइडच्या मॉइश्चर मीटरनं काढतो. त्याच्या डायलवर दिसतो तो ओल्या मातीच्या वजनाचा टक्का. कोरड्या घनतेच्या सूत्राला लागतो कोरड्या मातीच्या वजनाचा. डायलवर १२ असेल तर खरा आकडा १२ भागिले ८८, म्हणजे १३.६. हे न बदलता १२ टाकला की कोरडी घनता जवळपास दीड टक्क्यानं फुगते. ९४ चा थर ९५.४ होऊन पास होतो. शंभर चाचण्या केल्या तरी शंभरही तेवढ्याच फुगलेल्या. इथं कुणी लबाडी केलेली नसते, मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं. प्रॉक्टरचंही, म्हणजे एमडीडी काढायच्या लॅब चाचणीचंही, तसंच. बॉरो एरियातली (जिथून भरावाची माती आणतात ती जागा) माती बदलली आणि एमडीडी जुनीच धरली, की रजिस्टरमध्ये १०३, १०४ असे आकडे दिसायला लागतात आणि ते बघून आपण खूश होतो. असे आकडे आले की आधी भाजक, म्हणजे एमडीडी, तपासा.

आता जी गोष्ट मला हे पत्र लिहायला लावते ती सांगतो. एका कामावर, ते कुठलं हे सांगणार नाही, पुलाच्या अ‍ॅबटमेंटमागचा भराव दुसऱ्या पावसाळ्यानंतर बसला. पूल उतरताना गाडीला दणका बसायचा. मी त्या जागेचं रजिस्टर मागवून घेतलं. ९७.२, ९७.४, ९७.१, ९७.३, पुढच्या पानावर पुन्हा ९७.२. वीसेक संच होते आणि एकही आकडा ९५ च्या खाली नव्हता. वर धरलेल्या, १०० पैकी ९५ भाग ठरलेल्या घनतेच्या वर असलेल्या उत्तम कामावरसुद्धा, ६-६ चे सलग २० संच चिठ्ठीनं घेतले, तर एकही आकडा खाली न येण्याची शक्यता साधारण ५०० त एक असते. आणि त्या पानांवर एकेका संचाचं प्रमाण विचलन पाव टक्क्याच्याही आत होतं. शेजारी शेजारी दोन भोकं पाडली तरी वाळू, वजन आणि छिन्नीच्या फरकानं याहून जास्त चढउतार होतो हे कुठल्याही लॅबच्या मुलाला विचारा. ते रजिस्टर मातीनं लिहिलेलं नव्हतं. त्यावर चार जणांच्या सह्या होत्या आणि एकानंही प्रमाण विचलन काढून बघितलं नव्हतं. काढलं असतं तर तो भराव वर डांबर पडायच्या आधी उघडा पडला असता.

म्हणून माझं मागणं आहे. रजिस्टरच्या नमुन्यात संचाची सरासरी, प्रमाण विचलन, हवी असलेली सरासरी आणि काढलेले यादृच्छिक आकडे, हे चार रकाने छापा. पानांवर आधीच क्रमांक टाका. नापास आकडा खोडू नका, थर पुन्हा दाबल्यावर आलेले आकडे त्याच्याखाली लिहा. बिलाला जोडायच्या कागदांत चाचण्यांची संख्या न मागता संचांचा हिशेब मागा. तपासणीला गेलात की फार चढे आकडे आणि फार सारखे आकडे, दोन्हींवर प्रश्न विचारा. मोठं सिलिंडर खोक्यातून काढा. आणि लॅबच्या मुलांना दोन दिवस बसवून वर्गमूळ, प्रमाण विचलन आणि मॉइश्चर मीटरची ती भागाकाराची पायरी शिकवा. ती मुलं हुशार असतात. मी शिकवलेल्या एकानं तिसऱ्याच दिवशी मला विचारलं होतं, ‘सर, मग इतकी वर्षं सरासरी काढली नाही तर निर्णय कशावरून घेतला?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पाऊस थांबून भराव पुन्हा सुरू होतील तेव्हा पहिल्या थरापासून हे करून बघा. पहिल्या महिन्यात नापास संच वाढतील, आकडे वेडेवाकडे दिसतील, वरून फोन येतील. त्या महिन्यात कृपा करून लॅबच्या मुलाकडून खुलासा मागू नका. त्यानं लिहिलेला ९३.८ चा आकडा तसाच ठेवा आणि त्याखाली तुमची सही करा.

आपला,
मातीच्या लॅबमध्ये ३१ वर्षं काढलेला एक सहकारी